मदत हवी आहे: लेकीच्या बाळंतपणाचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि गरोदरपणात तिची साखर वाढली होती

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळ राहतो. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, मिरजेच्या दवाखान्यात नाव नोंदवलंय, आता कधीही जावं लागेल. तिची आई हयात नाही, त्यामुळे बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचं माझ्याकडेच. भाकरी थापतो, कालवणही बरं होतं. लाडवांच्या वाटेला मात्र कधी गेलो नाही.

अडचण अशी की सातव्या महिन्यात तपासणीत साखर जास्त निघाली. पथ्य आणि चालण्यावर आटोक्यात राहिली, इन्शुलिन लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळंत झाल्यावर बहुतेकींची साखर उतरते, तरी सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन पुन्हा रक्त तपासायचं. तोवर साधं घरचं जेवण द्या.

आता साधं म्हणजे काय? माझी बहीण डिंक, खारीक, खोबरं आणि गुळाची अख्खी ढेप ठेवून गेलीय. (बेदाणे आमचे आम्हाला, तासगावात त्याला काय तोटा!) तिच्या हिशेबानं सकाळी डिंकाचा लाडू, दहाला अळिवाची खीर, संध्याकाळी मेथीचा लाडू. वर पाणी कमी, पालेभाजी नको, डाळीनं बाळाला वारा होतो. अंगणवाडीताई सांगतात की पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला साधारण ६०० कॅलरी जादा लागतात. मोठे दोन-तीन लाडू खाल्ले की त्या तिथंच संपल्या, मग भाकरी-भाजीला पोटात जागा कुठली?

माझ्या मनात असं आहे: सकाळी नाचणीची ताकातली आंबील आणि अंडं, दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, शेपू किंवा मेथी, रात्री मऊ भात, तूप आणि एखादी फळभाजी. यात अळीव आणि डिंक गुळाशिवाय कसे बसवू? पाण्याचं आणि डाळीचं खरं काय? बहिणीला न दुखावता सांगायचंय, ती माझ्यापेक्षा थोरली आहे.

कृष्णाकाठची:
काका, तुमचा बेत चांगला आहे, फक्त दोन जेवणांच्या मधे काहीतरी हवं. अळीव चमचाभर घ्या, दोन तास दुधात भिजवा, मग उकळून जायफळ घाला. गूळ नसला तरी चालतं, पहिले दोन दिवस तोंड वाकडं करेल. पाणी अजिबात तोडू नका, पाजायला बसली की तहान लागतेच, शेजारी तांब्या भरून ठेवा. आईच्या पोटातला वारा दुधात उतरत नाही, तेव्हा मूग-मसूर बिनधास्त द्या. लोहाची गोळी दूध-चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळेला.

मिरजकर:
रात्री दोन-तीनला बाळ उठतं तेव्हा आईला कडकडून भूक लागते आणि हाताशी लाडवाचाच डबा असतो. आमच्या घरी तिथंच सगळं पथ्य मोडलं. उशाशी फुटाणे, भाजके शेंगदाणे ठेवा. सिझर झालं तर पहिले काही दिवस दवाखान्यातले सांगतील तसंच. मलावरोधाला पालेभाजी आणि पाणी दोन्ही लागणार, हेच कारण आत्याबाईंना सांगा.

कृष्णाकाठची:
लाडू बंद करू नका हो, आत्या रुसतील. त्यांनाच वळायला बसवा, पण लिंबाएवढे, दिवसाला एक. गूळ निम्मा, खोबरं आणि बदाम जास्त. खारीक म्हणजेही साखरच, ती नावापुरती. आणि डिंक तुपात थोडाथोडा, मंद आचेवर तळा. आच मोठी झाली की वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.