प्रत्येक राउटरला अख्खा नकाशा कशाला हवा?

भाऊ, धारणी तालुक्यातल्या शाळा वायफायने एकमेकींना जोडायच्या, तर प्रत्येक राउटरकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा हवाच, असं तुम्ही वर लिहिलंय. मला ते पटत नाही. परतवाड्याहून धारणीला निघालेल्याला सेमाडोहवाले हरिसालपर्यंतची वाट सांगतात, पुढची हरिसालवाले. पॅकेटचंही, म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचंही, तेवढ्यावर भागतं. १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, आधी हेच चालायचं: प्रत्येक नोड (जाळ्यातलं एकेक यंत्र) आपला अंतरांचा तक्ता फक्त शेजाऱ्यांना द्यायचा.

खरी अडचण दुवा तुटल्यावर येते, आणि मेळघाटातल्या पावसाळ्यात तो तुटणारच. समजा अ-ब-क अशी रांग आहे आणि ब-क दुवा गेला. अ अजून सांगतोय, 'क माझ्यापासून दोन टप्प्यांवर.' ती वाट स्वतःमधूनच जाते हे ब ला कळत नाही. तो अ वर विश्वास ठेवून तीन म्हणतो, मग अ चार, ब पाच... पॅकेट दोघांत फिरत राहतं. म्हणून तर रिप या वाट ठरवायच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये (नियमांच्या संचात) १६ टप्पे म्हणजे अनंत, म्हणजे वाटच नाही, असं धरतात! पण मग जाळं १५ टप्प्यांपलीकडे वाढत नाही.

आपल्यासाठी मी बॅटमॅन हा प्रोटोकॉल सुचवेन. जर्मनीतल्या फ्रायफुंक या खुल्या वायफाय जाळ्यांच्या चळवळीतल्या स्वयंसेवकांनी अशाच वायफाय जाळ्यांसाठी तो सुरू केला. प्रत्येक नोड छोटे संदेश सोडत राहतो. ज्या शेजाऱ्यामार्फत ते जास्त भरवशाने पोचतात, त्याच्याकडे पॅकेट द्यायचं. पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर घालायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर तो चालतो, त्यामुळे साध्या राउटरवरही करून बघता येईल. आधी तीनच शाळा घ्या, आणि मधल्या नोडला बॅटरी नक्की लावा.