स्टेनलेसची बंदूक 'काळी करणे': नेमका शब्द काय?

पानोपान
बंदुकांच्या देखभालीवरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. 'ब्लूइंग'पाशी अडले. साध्या पोलादाच्या नळीवर रसायनाने निळसर काळा थर आणतात, ते हे. आधी मी 'नळीला नीळ देणे' लिहिलं. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला, 'नीळ कपड्यांना देतात.' मग 'काळा मुलामा' केलं. पण पुढच्याच प्रकरणात स्टेनलेसच्या पिस्तुलाची चकाकी घालवून ते काळं करण्याचे प्रकार आले, आणि पुस्तिका बजावते की हे ब्लूइंग नव्हे. म्हणजे आता दोन शब्द हवेत.

उंबरठा
निळीचं फार मनाला लावून घेऊ नका. इंग्रजीतही कपड्यांच्या निळीला ब्लूइंगच म्हणतात.

कानस
मुलामा अजिबात नको. मुलामा म्हणजे वरून चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर. ब्लूइंगमध्ये वरून काही चढत नाही, नळीचंच लोखंड बदलतं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सियसच्या उकळत्या द्रावणात भाग बुडवला की पृष्ठभागावर मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, तयार होतं. जुनी पद्धत तर अशी, की मुद्दाम गंज चढू द्यायचा, मग भाग पाण्यात उकळायचा. तांबडा गंज काळा होतो. सैल पूड बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हा गंजच आहे, फक्त पुढच्या गंजाला अडवणारा.

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पडदा लोखंडाला झाकून ठेवतो. त्यामुळे नेहमीच्या हौदात बुडवलं तरी भाग जवळपास तसाच पांढरा बाहेर येतो. त्याला वेगळे क्षार आणि बरंच जास्त तापमान लागतं. नाहीतर नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं, नाहीतर सिरॅमिकचा लेप फवारून भट्टीत भाजणं. या सगळ्यांना एक क्रियापद कसं पुरेल?

ऋजुता
मग 'नीलन' आणि 'कृष्णीकरण'. दोन क्रिया, दोन शब्द. प्रश्न मिटला.

कानस
वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढली, 'कृष्णीकरण' एकदाही कानावर आलं नाही. आम्ही म्हणतो 'ब्लॅकोडाइझिंग'. 'जॉब ब्लॅकोडाइझिंगला गेलाय' म्हटलं की हेल्परलाही कळतं. शिकाऊ असताना मी साफ केलेला भाग उघड्या हाताने उचलून हौदात सोडला होता. बाहेर आला तेव्हा सगळीकडे छान काळा, आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा फिकट ठसा, रेषा मोजता येतील असा. उस्ताद एवढंच म्हणाले, 'धरलं नाही.' रंग 'धरणं' हाच आमचा शब्द. साधं पोलाद धरतं, स्टेनलेस धरत नाही.

ऋजुता
'धरणं' सुंदर आहे, पण ते परिणामाचं नाव झालं, क्रियेचं नाही. आणि कारखान्यात जे बोलतात तेच छापायचं, तर परिभाषा कधीच घडणार नाही.

उंबरठा
परिभाषा वापरातूनच घडते. 'पोलाद' फारसीतून आलं, 'कल्हई' आणि 'जिल्हई' अरबी-फारसीतून. हे शब्द घडवायला कोणी समिती बसली नव्हती.

पानोपान
'काळवंडवणे' कसं वाटतं?

उंबरठा
नको. चेहरा काळवंडतो, चांदी काळवंडते. काळवंडणं आपोआप होतं आणि नकोसं असतं. इथे कोणीतरी मुद्दाम, निगुतीने करतंय.

जुनीपाटी
एक वेगळाच शब्द सुचवते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आजी आंबट काही ठेवू द्यायची नाही. म्हणायची, 'कळकेल.' हा कळक म्हणजे कलंक. संस्कृतात कलंक म्हणजे डाग, आणि लोखंडाचा गंजही. मग स्टेनलेस म्हणजे अक्षरशः निष्कलंक! हॅरी ब्रिअर्ली १९१३ मध्ये शेफील्डला या पोलादापर्यंत पोचला, तेव्हा रायफलींच्या नळ्यांची झीज कशी थांबेल हेच शोधत होता. तो त्याला 'न गंजणारं' म्हणायचा, 'स्टेनलेस' नाव सुऱ्याकात्र्यांच्या धंद्यातून आलं. म्हणून साध्या नळीसाठी 'कळकवणे' घ्या. काळा, आटोक्यातला गंज.

कानस
आणि गंमत बघा, बंदुकीसाठी शोध चालला होता, पण स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपनीने स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर आणलं ते १९६५ मध्ये.

ऋजुता
कळकणं तांब्यापितळेचंच. कळक हिरवा असतो, काळा नाही. लोखंडी कढईत आंबट ठेवलं तर ते 'काळं पडतं', 'कळकतं' असं मी कधीच ऐकलेलं नाही.

जुनीपाटी
'कळकट' कुठून आलं मग? कळकट माणूस हिरवा नसतो.

उंबरठा
'कळकट'चा धातूशी काय संबंध? मळाने माखलेलं ते कळकट. मला तर ते 'काळा'कडून आलेलं वाटतं, 'काळपट'सारखं.

जुनीपाटी
'पट' आणि 'कट' हे प्रत्यय एकाच कामाचे नाहीत. 'मळकट', 'धुरकट' बघा. मळ अधिक कट, धूर अधिक कट. तसंच कळक अधिक कट, मधला एक 'क' गळाला.

उंबरठा
'पोरकट'मध्ये कोणता मळ आहे?

पानोपान
पुस्तिकेत सध्या 'ब्लूइंग' तसंच ठेवलंय. स्टेनलेससाठी 'काळा थर धरवणे' लिहिलं आणि खोडलं, कारण सिरॅमिकचा लेप धरवत नाहीत, फवारतात. कानस, आणखी एक विचारते. काही भागांवर ब्लूइंगनंतर जांभळट छटा येते, असं एक वाक्य आहे. ते खरं का?

कानस
खरं आहे. मिश्रधातूत सिलिकॉन किंवा निकेल जास्त असलं की रंग जांभळाकडे झुकतो. 'नीलन' तिथे कसं बसवायचं ते ऋजुताताईंनी सांगावं.

ऋजुता
सांगते. पण आधी 'पोरकट'चं. तिथला 'कट' वेगळा आहे.