‘आशा सेविकांना प्रशिक्षण दिले’ एवढ्यावर भागेल का?

प्रश्न: नवजात बालकांच्या गृहभेटींवरच्या लेखावर समीक्षकाचा शेरा: ‘अंमलबजावणीची रणनीती अस्पष्ट.’ पद्धती विभागात ‘आशांना प्रशिक्षण दिले’ एवढेच आहे; नेमके काय लिहू?

उत्तर १: रणनीती, म्हणजे उपक्रम राबवण्यासाठी काय केले, ती कशी नोंदवावी यासाठी प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांची २०१३ची चौकट घ्या. रणनीतीचे नाव, व्याख्या; मग कोणी, काय, कोणासाठी, केव्हा, किती मात्रेत, कोणत्या परिणामासाठी आणि का. मात्रा हमखास राहून जाते: प्रशिक्षणाची सत्रे किती, प्रत्येकी किती मिनिटांची, गटात आशा किती.

उत्तर २: खरी गल्लत वेगळीच असते: उपक्रम आणि तो राबवण्याची रणनीती यांची. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या ६ भेटी हा उपक्रम. आशांच्या कामावर गटप्रवर्तकांची देखरेख ही रणनीती. दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबू नका. अंमलबजावणीच्या अभ्यासात काय काय नोंदवावे, याच्या स्टारी (StaRI) यादीत (२०१७, २७ मुद्दे) म्हणूनच दोन रकाने आहेत: एक रणनीतीचा, एक उपक्रमाचा.

प्रश्नकर्ता: सत्रे मध्येच कमी केली, तर?

उत्तर १: तेही लिहा, तारीख-कारणासकट. ठरलेले वेगळे, झालेले वेगळे.