मदत हवी आहे: युव्हिआयटिसच्या रजिस्ट्रीत, तपासणीला न आलेल्या रुग्णांचा हिशेब कसा धरावा?

नमस्कार. मी नाशिकमध्ये नेत्ररोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या दाहाच्या, रुग्णांची रजिस्ट्री उभारण्याचे काम हाती घेतले आहे. या आजाराची कारणे अनेक आहेत (आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही) आणि एकेका कारणाचे रुग्ण इतके थोडे भेटतात, की वर्षानुवर्षे नीट साठवलेल्या नोंदींवाचून काहीच ठामपणे सांगता येत नाही.

दाह कोणत्या मापाने नोंदवायचा, हा प्रश्न २००५ मध्ये ‘सन’ या, युव्हिआयटिसच्या संज्ञा व मापे प्रमाणित करणाऱ्या, कार्यगटाने बराचसा सोडवला आहे. स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) १ मिमी बाय १ मिमी प्रकाशझोतात दिसणाऱ्या दाहाच्या पेशी मोजायच्या. ६ ते १५ असल्यास १+, १६ ते २५ असल्यास २+, अशी श्रेणी ठरते. माझी अडचण त्याच गटाच्या ‘रेमिशन’च्या, म्हणजे औषधांविना दाह शमलेला राहण्याच्या, व्याख्येपाशी आहे. सर्व औषधे थांबवल्यानंतर किमान ३ महिने दाह निष्क्रिय राहिला पाहिजे, असे ती सांगते, आणि नेमक्या त्याच काळात रुग्ण यायचे थांबतात. पेठ-सुरगाण्याकडची माणसे द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर कामाला जातात. मजुरी बुडवून, दुखत नसलेला डोळा दाखवायला कोण येणार? उलट ज्याचा डोळा पुन्हा लाल होतो तो येतो, तर ज्याची नजर अधू होत जाते तो कधी मुंबई-पुण्याला जातो, कधी आशाच सोडतो. त्यामुळे गळालेले रुग्ण उरलेल्यांसारखेच असतात, हे कॅप्लन-मायर पद्धतीचे (एखादी घटना घडेपर्यंतचा काळ अंदाजण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीचे) गृहीतक येथे टिकत नाही, असे माझे मत आहे.

फोनवर विचारपूस करण्याचा पर्याय सुचवला जातो, परंतु फोनवर पेशी मोजता येत नाहीत, आणि संधिवात असलेल्या लहान मुलांचा डोळा तर आतून दाह चालू असतानाही पांढरा व वेदनारहित असू शकतो. ‘बरं आहे’ या उत्तराला निष्क्रिय दाह मानणे मला धोक्याचे वाटते.

तपासणीला येण्याची शक्यता तालुका, अंतर, महिना आणि मागील भेटीतील श्रेणी यांवरून काढून त्यानुसार प्रत्येक नोंदीला व्यस्त भार (येण्याची शक्यता जितकी कमी, तितके आलेल्याच्या नोंदीला वजन जास्त) द्यावा, असा माझा विचार आहे. ज्यांनी असे विश्लेषण केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: एवढी माहिती पुरते का, की रोजंदारी, सोबत येणारे माणूस, एसटीची सोय यांचीही नोंद पहिल्याच भेटीत घ्यावी? दोन भेटींच्या मधे केव्हातरी दाह उलटला असेल, तर त्याची तारीख कोणती धरावी? नीतिसमितीकडे अर्ज जाण्यापूर्वी नोंदणीचा फॉर्म पक्का करावयाचा आहे, कारण सुरुवातीला न विचारलेली गोष्ट नंतर केसपेपरवरून मिळत नाही.