मदत हवी आहे: स्वस्तातला म्हातारा पिचर (चेंडू फेकणारा) घ्यावा का?

फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) माझं बजेट संपत आलंय. शेवटच्या जागेवर पस्तिशी ओलांडलेला, दुखापतीतून परतलेला स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) घ्यायचा मोह होतोय. 2013 साली ओकलंडच्या बार्टोलो कोलोनने 30 लाख डॉलरच्या करारावर 18 सामने जिंकले, ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) 2.65! वय चाळीस, पोट सुटलेलं आणि जवळजवळ नुसते फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू). पस्तिशीतल्या रिच हिल या पिचरला तर 2015 मध्ये बोस्टनकडून खेळलेल्या चारच सामन्यांवर पुढचा 60 लाख डॉलरचा करार मिळाला. पण असे जुगार बुडतातही भरपूर.

ईआरए, एफआयपी (क्षेत्ररक्षणाचा वाटा वगळून पिचरची कामगिरी मोजणारा आकडा), स्ट्राइकआउट-वॉकचं प्रमाण (बाद केलेले फलंदाज विरुद्ध चुकीच्या चेंडूंमुळे फुकट बेसवर गेलेले) बघून झालं. इतक्या कमी सामन्यांत त्यावर भरवसा वाटत नाही. सीझनमध्ये खेळाडू बदलता येत नाही आणि बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या वेबसाइटसारखा फुकट डेटाच वापरायचाय. मग आधी काय तपासू, फास्टबॉलचा वेग की कंट्रोल (हवा तिथे चेंडू टाकण्याची अचूकता)?