बाद फेरीत पिवळ्या कार्डांची बेरीज चालू ठेवायची की बंद करायची?

तापीकाठ (भुसावळ)
आपल्याकडे भुसावळ, जळगाव, धुळ्याला फुटबॉलची नॉकआउट भरली की आयोजक नियमपत्रकावर एक ओळ ठोकून मोकळे होतात: 'फिफाचे नियम लागू राहतील.' कोणते, ते कोणी वाचत नाही. त्यातला एक नियम मला मुळातच पटत नाही, म्हणून हा धागा.

वर्ल्डकपमध्ये दोन वेगवेगळ्या सामन्यांत एकेक पिवळं कार्ड (ताकीद) मिळालं की पुढचा सामना बंद. २००६ पर्यंत साखळी संपली की एकटं पिवळं पुसलं जायचं. २०१० ला ती पुसण्याची वेळ उपांत्यपूर्व फेरीनंतर नेली, म्हणजे उपांत्य सामन्यातल्या पिवळ्यामुळे कोणाची फायनल जाऊ नये. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ ला जर्मनीच्या बालाकने उपांत्य सामन्यात कोरियाविरुद्ध ७१व्या मिनिटाला सुटलेला खेळाडू पाडून पिवळं घेतलं, ७५व्या मिनिटाला सामन्यातला एकमेव गोल केला आणि ब्राझीलविरुद्धची फायनल बाहेर बसून काढली.

पण झालं काय? दुखणं फायनलवरून उपांत्य सामन्यावर आलं. २०१० ला जर्मनीच्या थॉमस म्युलरला उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध हाताला चेंडू लागल्याचं पिवळं मिळालं, आणि स्पेनविरुद्धची उपांत्य लढत हुकली. २०१४ ला ब्राझीलचा थिआगो सिल्वा त्याच फेरीत कोलंबियाविरुद्ध दुसरं पिवळं खाऊन बसला, पुढे ब्राझील जर्मनीकडून ७-१ हरलं. गंमत म्हणजे दोघांचंही पहिलं पिवळं साखळीतलं होतं, म्युलरचं घानाविरुद्ध, सिल्वाचं मेक्सिकोविरुद्ध. जुन्या नियमाने दोघंही उपांत्य सामना खेळले असते!

माझं म्हणणं एवढंच, की बाद फेरी लागली की बेरीज बंद करा. लाल कार्ड आहेच की.

धुळ्याचा स्टॉपर
साफ नामंजूर. बेरीज बंद केली तर बाद फेरीत पहिलं पिवळं फुकट होतं. दहा खेळाडू, प्रत्येकाच्या खिशात एक मोफत फाउल. समोरच्याने काउंटर (उलटा हल्ला) काढला की मध्यरेषेवरच शर्ट ओढायचा, पुढच्या वेळी ओढणारा दुसरा. त्या सामन्यापुरतं पंच काही करू शकत नाही, कारण असा फाउल लालमध्ये बसत नाही. साखळीत निदान पुढच्या सामन्याची भीती असते, तुम्ही तीच काढून घेताय.

आणि सिल्वाचं उदाहरण तर देऊच नका. कोलंबियाचा गोलकीपर ओस्पिना हातातला चेंडू किक मारायला वर टाकतोय, हा मध्ये घुसून अडथळा आणतो. गोल वाचवायचा नव्हता, हल्ला थांबवायचा नव्हता. कप्तान माणूस, आधीचं एक पिवळं डोक्यावर, आणि असं कार्ड मागून घ्यायचं? बालाकचं वेगळं. त्याने फाउल केला नसता तर कदाचित जर्मनी फायनललाच नसती. संघासाठी किंमत मोजली. नियम हेच तर सांगतो.

तापीकाठ (भुसावळ)
बरं, मग त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट घ्या. शेवटी-शेवटी कोलंबियाच्या सुनिगाने ब्राझीलच्या नेमारच्या पाठीत गुडघा घातला, मणका मोडला, नेमारची स्पर्धा संपली. सुनिगाला कार्ड किती? एकही नाही. पंचाने ॲडव्हांटेज दिला (फाउल असूनही खेळ चालू ठेवला) आणि नंतर कार्डही काढलं नाही. फिफाच्या शिस्त समितीने पण हात वर केले, कारण घटना पंचांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. म्हणजे किक अडवणारा घरी आणि मणका मोडणारा मोकळा. तुमची ती भीती नेमकी कोणाला बसते, सांगा.

शिट्टी (चोपडा)
दोघंही एक गोष्ट सोडताय. कार्ड चुकीचं असलं तरी ते हटवायची वाट जवळजवळ बंद आहे. ब्राझीलने सिल्वासाठी अर्ज केला होता, फेटाळला गेला. पंचाचा मैदानावरचा निर्णय अंतिम. पिवळ्यावर तक्रार टिकते ती फक्त माणूस चुकला तर, म्हणजे फाउल ४ नंबरने केला आणि कार्ड ५ नंबरला गेलं. व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचाला मदत करणारे) सुद्धा साध्या पिवळ्याचं खरं-खोटं तपासत नाही, तिथेही तेवढी ओळखीची चूक सुधारता येते. 'फाउल नव्हताच' हा युक्तिवाद समितीपुढे चालत नाही.

हिशेबाचे दोन बारकावे, यांवर आपल्याकडे हमखास भांडण होतं:

एकाच सामन्यात दोन पिवळी होऊन लाल झालं तर ती दोन्ही बेरजेत धरत नाहीत, त्यांची शिक्षा म्हणून एक सामना जातो. पण आधी पिवळं आणि नंतर थेट लाल असेल तर ते पिवळं खात्यावर राहतं. लालची शिक्षा भोगून आला आणि पुढच्या सामन्यात एक पिवळं मिळालं, की पुन्हा बाहेर. मॅनेजर लोकांना हे कळतच नाही, 'त्याची शिक्षा झाली ना' म्हणून वाद घालतात.

दुसरा पेनल्टी शूटआउटचा. सामन्यातलं पिवळं शूटआउटमध्ये पुढे येत नाही, म्हणून तिथे मिळालेल्या पिवळ्याने लाल होत नाही. एप्रिल २०२४, कॉन्फरन्स लीग, लील विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिलाचा गोलकीपर एमी मार्टिनेझला सामन्यात वेळ काढल्याचं पिवळं होतं, शूटआउटमध्ये प्रेक्षकांना डिवचल्याचं दुसरं. आख्खं मैदान लालची वाट बघतंय आणि तो गोलमध्येच उभा. संघाला जिंकून दिलं. पण बेरजेत कार्डं मोजली गेली आणि ऑलिम्पियाकोसविरुद्धचा उपांत्य फेरीचा पहिला सामना त्याला बसावं लागलं. हद्दपारीचा हिशेब वेगळा, निलंबनाचा वेगळा.

अमळनेरची विंगर
तुम्ही पिवळ्यात अडकलात. पिवळ्याचा नियम कसाही असो, सगळ्यांना सारखा आहे. खरी गडबड थेट लाल आणि समितीच्या मर्जीत आहे.

नोव्हेंबर २०२५, डब्लिन. रोनाल्डोने आयर्लंडच्या ओ'शेला कोपर मारलं, थेट लाल. पोर्तुगालकडून २२६व्या सामन्यात पहिलंच. फिफाच्या संहितेत कोपर, ठोसा, लाथ यांना किमान तीन सामने. दिलेही तीन. पण त्यातले दोन एका वर्षाच्या परिवीक्षेवर तहकूब, म्हणजे वर्षभरात पुन्हा तसं केलं तरच भोगायचे! एक सामना आर्मेनियाविरुद्ध बसून काढला, आणि वर्ल्डकपला पहिल्या दिवसापासून हजर. हेच कोपर एखाद्या छोट्या देशाच्या लेफ्ट बॅकने मारलं असतं तर?

युरो २०२४ मध्ये पण तेच. स्लोव्हाकियाविरुद्ध इंग्लंडच्या बेलिंगहॅमने असभ्य हावभाव केला, त्याला ३०,००० युरो दंड आणि एक सामना बंदी, तीही तहकूब. उपांत्यपूर्व खेळला. तुर्कस्तानच्या डेमिरालने ऑस्ट्रियाविरुद्ध गोल करून लांडग्याची खूण (तिथल्या अतिराष्ट्रवादी गटाची) दाखवली, त्याला दोन सामने, रोख. उपांत्यपूर्वला तो नाही, आणि तुर्कस्तान नेदरलँड्सकडून २-१ हरलं.

धुळ्याचा स्टॉपर
ताई, बेलिंगहॅम-डेमिराल ही जोडी जुळत नाही. बेलिंगहॅमवर असभ्य वर्तनाचा ठपका होता. डेमिरालवर तो होताच, शिवाय खेळाच्या मैदानाचा खेळाबाहेरच्या प्रचारासाठी वापर, हेही कलम होतं. कलमं जास्त तर शिक्षा जास्त.

रोनाल्डोचं मात्र मान्य. तहकुबीचं कलम २७ छापील आहे, कोणासाठी रातोरात लिहिलेलं नाही. पण कोपर मारल्यावर वर्ल्डकपच्या तोंडावर ते लावणं दिसायला वाईट दिसतं. इंग्लंडच्या रूनीचं बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये माँटेनिग्रोच्या खेळाडूला लाथ मारली, तीन सामने. इंग्लंडने अपील केलं, एक कमी झाला. तरी युरो २०१२ चे फ्रान्स आणि स्वीडनविरुद्धचे दोन सामने त्याने बाहेर काढलेच. युक्रेनविरुद्ध आला आणि गोल केला. सवलत मिळाली, पण शिक्षाही दिसली.

तापीकाठ (भुसावळ)
चला, म्हणजे मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सवलत नको यावर एकमत. मग उलट्या बाजूचं काय? पंचाने न बघितलेलं टीव्हीवर बघून शिक्षा देणं? २००६ ला अर्जेंटिनाविरुद्धचा सामना संपल्यावर झालेल्या हाणामारीत जर्मनीच्या फ्रिंग्जचा ठोसा चित्रणात सापडला, आणि इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला बाहेर काढलं. जर्मनीला मधली फळी नव्याने लावायला एक रात्र.

शिट्टी (चोपडा)
त्यात चूक काय? १९९४ ला इटलीच्या तासोत्तीने स्पेनच्या लुईस एन्रिकेचं नाक फोडलं, पंचाने बघितलं नाही, चित्रण बघून आठ सामने दिले. ती सोय नसती तर उपांत्य सामन्याला तो ऐटीत उतरला असता. वेळ गैरसोयीची होती म्हणून शिक्षा चुकीची ठरत नाही. १९६२ ला ब्राझीलच्या गारिंचाला उपांत्य सामन्यात बाहेर काढलं होतं तरी तो फायनल खेळला, ते दिवस परत हवेत का?

सातपुडा एक्स्प्रेस
काय भो, तुमना कलमं वाचता वाचता हाफटाइम व्हई गया! गावनी स्पर्धामा काय करानं ते सांगा.

शिट्टी (चोपडा)
सांगतो. १६ संघ धरा. १५ सामने, फायनलला जाणारा चार खेळतो. उपांत्यपूर्वनंतर पुसायचं ठरवलं तर बेरीज पहिल्या दोन सामन्यांपुरती उरते. तेवढी ठेवा, त्रास नाही. ३२ संघ असतील तर तीन सामन्यांची होते, तरी दोनची मर्यादा चालते. (वर्ल्डकपला ४८ संघ आल्यावर उपांत्यपूर्वपर्यंत पाचाचे सहा सामने झाले. तिथे तापीकाठ भाऊंच्या म्हणण्यात दम आहे, इथे नाही.)

थेट लालचे आकडे पत्रकावर छापा. स्पष्ट गोलची संधी हिरावली तर एक सामना, धोकादायक टॅकल दोन, मारहाण तीन. तीन म्हणजे आपल्याकडे स्पर्धाच संपली. उरलेले सामने पुढच्या वर्षी मोजायचे, हे पण लिहा, नाहीतर संघ हरला की शिक्षा हवेत. फिफा ती सोडत नाही. उरुग्वेच्या सुआरेझने २०१४ ला इटलीच्या कियेलिनीला चावा घेतला, नऊ अधिकृत सामने मिळाले. मैत्रीपूर्ण लढती त्यात धरल्या नाहीत, म्हणून उरुग्वेसाठी अधिकृत सामन्यात तो मार्च २०१६ ला उतरला.

आता नोंद. भांडण नव्वद टक्के इथेच होतं. कार्डावर पंच नंबर लिहितो, पण हाफटाइमला दोघांनी जर्सी बदललेली असते, किंवा बदली खेळाडू बाहेरच्याचीच जर्सी घालून आत येतो. म्हणून सामन्याआधी नाव-नंबरची यादी मॅनेजरच्या सहीने घ्या आणि जर्सीबदल बंद करा. कार्ड दाखवलं की नंबर, मिनिट आणि कारण लगेच लिहा. सामना संपल्यावर दोन्ही मॅनेजरच्या सह्या घेऊनच कागद टेबलावर जाऊ द्या, आणि त्याचा फोटो स्पर्धेच्या ग्रुपवर. सही द्यायला नकार दिला तर 'नकार' असं लिहा, कागद अडवून ठेवू नका.

अमळनेरची विंगर
एकदिवसीय स्पर्धेत हे चालत नाही. चारला उपांत्य, साडेपाचला फायनल. समिती बसणार कधी? त्यापेक्षा तात्पुरती हकालपट्टी आणा. पिवळं मिळालं की काही मिनिटं बाहेर, संघ तेवढा वेळ एकाने कमी, मग परत आत. खेळाच्या कायद्यात तळागाळातल्या आणि लहान मुलांच्या फुटबॉलसाठी ही सोय आहे, एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के. २५-२५ च्या सामन्यात पाच ते साडेसात मिनिटं, सहा धरा. शिक्षा तिथल्या तिथे, बेरजेची वहीच नको. तापीकाठ भाऊंना पण चालेल.

तापीकाठ (भुसावळ)
मला धावेल. ज्याच्यावर फाउल झाला त्याच संघाला फायदा मिळतो. बेरजेत फायदा पुढच्या फेरीतल्या तिसऱ्याच संघाला.

धुळ्याचा स्टॉपर
कागदावर गोड आहे. एक तर त्याला संघटनेची परवानगी लागते. दुसरं, वेळ मोजायला टेबलावर वेगळा माणूस हवा, पंच घड्याळ बघत बसला तर खेळ कोण बघणार? आणि ते सहा मिनिट संघ काय करतो? गोलकीपर दोनदा झोपतो, थ्रो-इनला चेंडू सापडत नाही, तेवढ्यात माणूस परत. खेळ थांबला की ते घड्याळही थांबवणार असाल तरच बोला.

शिट्टी (चोपडा)
थांबवायचं. टेबलावर दोन स्टॉपवॉच ठेवा, कारण एकाच वेळी दोघं बाहेर असू शकतात. आणि परत आत घ्यायचं ते पंचाने इशारा केल्यावरच, टेबलाच्या बाजूने.