पिकअपच्या केबिनमध्ये डॅम्पिंग शीट कुठे कुठे लावायची?

प्रश्न: हायवेला ८० च्या पुढे गेलं की केबिनमध्ये नुसती घरघर, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट रबरी शीट, वरून फॉइल असलेली) आणून ठेवलीय, सगळा पत्रा झाकायचा का?

उत्तर १: अजिबात नको, पत्र्याची थरथर मारायला २५-३० टक्के भाग पुरतो. बोटाने टकटक करून बघा, जिथे डब्यासारखा पोकळ आवाज येतो तिथेच चिकटवा. पिकअपला सीटमागची भिंत आधी घ्या, सगळ्यात जास्त तीच घुमते, फक्त तिथे हवा बाहेर जायचे व्हेंट असतात ते झाकू नका, नाहीतर दारं नीट लागत नाहीत.

उत्तर २: आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकटपणा राहिला तर शीट सुटणारच. रोलर जोर लावून फिरवा, फॉइलवरची नक्षी सपाट झाली म्हणजे नीट बसली. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळीच ठेवा हो, तिथूनच गंज धरतो.

प्रश्नकर्ता: मग टायरचा आवाज पण जाईल का?

उत्तर १: तो शीटने फारसा नाही जात. त्यासाठी फ्लोअरवर क्लोज्ड सेल फोम (बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा) आणि वर जड व्हिनाइलचा सलग थर लागतो, फटी ठेवल्या की आवाज तिथून येतोच. दाराची रबरं पण तपासा.